जितक्या तपशिलाने मागतो, तितक्याच तपशिलाने आभार: रोजच्या ख्रिस्ती जीवनात उपकारस्तुती कशी करावी

आपल्या घरांतील कौटुंबिक प्रार्थना लक्ष देऊन ऐकल्या, तर त्यांत एक गोष्ट सहज जाणवते. मागण्याची वेळ येते तेव्हा आपण अगदी नेमके बोलतो: धाकटीला हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळावा, गृहकर्ज मंजूर व्हावे, आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया सुखरूप पार पडावी, मंगळवारच्या मुलाखतीत धीर मिळावा. आभार मानण्याची वेळ आली की मात्र ‘प्रभू, तू दिलेल्या सर्व आशीर्वादांबद्दल आम्ही तुझे आभार मानतो’ एवढ्या एका वाक्यावर आपण पुढे सरकतो, आणि ज्या मुलाखतीसाठी आठवडाभर विनवण्या केल्या, ती चांगली पार पडल्यानंतर तिचा प्रार्थनेत पुन्हा उल्लेखही होत नाही. हे वाक्य खोटे नाही. परंतु ते उच्चारताना मनासमोर कोणतीही वस्तू, कोणताही माणूस किंवा कोणताही प्रसंग उभा राहत नाही, आणि म्हणूनच वर्षानुवर्षे म्हणूनही त्याने अंतःकरण हलत नाही.

यावर उपाय म्हणून आवाज चढवण्याची किंवा डोळ्यांत पाणी आणण्याची गरज नाही. जितक्या तपशिलाने आपण मागतो तितक्याच तपशिलाने आभार मानावेत, इतकेच मला सुचवायचे आहे, आणि ठाणे किंवा नवी मुंबईत राहणाऱ्या, सकाळी लोकल गाठणाऱ्या व रात्री उशिरा घरी परतणाऱ्या माणसाला ते कसे साधेल हे पुढे सांगत आहे.

या पद्धतीला पवित्र शास्त्राचा भक्कम आधार आहे. १०३ व्या स्तोत्रात दावीद आपल्या जिवाला परमेश्वराचे सर्व उपकार विसरू नको असे बजावतो आणि तेवढ्यावर थांबत नाही. लगेच पुढच्या ओळींत तो ते उपकार एकेक करून सांगू लागतो: तो अपराधांची क्षमा करतो, रोग बरे करतो, जीव नाशापासून सोडवतो, दया व करुणा यांचा मुकुट घालतो, उत्तम पदार्थांनी तृप्त करतो. ‘सर्व’ हा शब्द त्याच्यासाठी यादीची सुरुवात आहे; आपण मात्र यादी टाळण्यासाठी तो वापरतो.

समोरासमोरची दोन पाने

सुरुवातीसाठी एक साधी दोनशेपानी वही पुरेशी आहे. ती उघडल्यावर जी दोन पाने समोर येतात, त्यांतील डाव्या पानावर तारीख घालून विनंती लिहावी आणि तिच्या समोरची उजव्या पानावरची जागा मोकळी ठेवावी. डावीकडे ‘जून: बाबांची साखर आटोक्यात यावी’ असे लिहिले असेल, तर ऑगस्टमध्ये रिपोर्ट हाती आल्यावर उजवीकडे ‘साखर उतरली, डॉक्टरांनी एक गोळी कमी केली’ अशी नोंद करावी आणि त्याच रात्री त्या नोंदीचे नाव घेऊन आभार मानावेत. महिन्यातून एकदा मागची पाने चाळली की ध्यानात येते की देवाने कितीतरी गोष्टी दिल्या आणि त्या मिळाल्याचे आपण विसरूनही गेलो होतो, कारण तोवर मन पुढच्या मागणीत गुंतलेले होते.

काही विनंत्यांसमोरचे उजवे पान कोरेच राहील. ते तसेच राहू द्यावे आणि ओढूनताणून काहीही भरू नये. काही ठिकाणी मागितले त्याहून वेगळेच मिळाले असेल. जी नोकरी हवी होती ती गेली आणि घराजवळ, रबाळ्यात दुसरी मिळाली, तर जे घडले ते जसेच्या तसे लिहावे. या वहीचा उपयोग देवाची बाजू मांडण्यासाठी नाही. आपली स्मृती प्रामाणिक राहावी, एवढेच तिचे काम आहे.

ज्यांना वही सांभाळणे जमत नाही त्यांनी रात्रीची पाच मिनिटे राखून ठेवावीत. कॅथलिक संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी दैनंदिन आत्मपरीक्षणाची जी रीत शिकवली, तिची पहिली पायरी आभार ही आहे. त्या दिवशीच्या पापांकडे पाहणे त्यानंतर येते. हा क्रम आपल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांतही निःशंकपणे स्वीकारण्यासारखा आहे. दिवसभरात मिळालेली कृपा आधी पाहिली म्हणजे आपण कोणाच्या प्रेमाविरुद्ध वागलो हे कळते, आणि मग पापांची कबुली भीतीपोटी न होता ओशाळलेल्या प्रेमातून होते. पद्धत सोपी आहे. सकाळी उठल्यापासूनचे तास क्रमाने आठवावेत आणि तीन गोष्टींना नाव द्यावे. ‘चांगले आरोग्य’ असे न म्हणता ‘आज जिना चढताना धाप लागली नाही’ असे म्हणावे. ‘चांगले शेजारी’ असे न म्हणता ‘मी यायच्या आत शेजारच्या काकूंनी गॅसचा सिलिंडर घेऊन ठेवला’ असे म्हणावे.

प्रवासात आणि ताटावर

ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या लोकलमध्ये दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा अशी स्थानके लागतात. गर्दीत पुस्तक उघडता येत नाही आणि डोळे मिटून उभे राहणेही सुरक्षित नसते, तरीही दोन स्थानकांमधल्या वेळेत एका माणसाचे नाव घेऊन देवाचे आभार मानता येतात. प्रेषित पौल बायबलमधील आपल्या पत्रांच्या आरंभी बहुतेक वेळा असेच करतो; फिलिप्पैकरांस लिहिताना तर तो सांगतो की त्यांची आठवण झाली की प्रत्येक वेळी तो देवाचे आभार मानतो. ऐरोलीपर्यंत घरातील एक जण, घणसोलीपर्यंत कामावरील एक जण आणि तुर्भ्यापर्यंत ज्याच्याशी आपले पटत नाही असा एक जण, इतके केले तरी पुष्कळ आहे. त्या तिसऱ्या माणसाबद्दल आभार मानण्याजोगे काय आहे हे शोधायला वेळ लागतो, म्हणून त्याच्यासाठी स्थानके थोडी अधिक ठेवावीत.

जेवणापूर्वीची प्रार्थना बहुतेक ख्रिस्ती घरांत टिकून आहे, ही आनंदाची बाब आहे. पण तीच प्रार्थना सर्वांत लवकर पाठांतरासारखी होते. तिच्यात जीव आणण्यासाठी ताटातला एक पदार्थ निवडावा आणि तो आपल्यापर्यंत कसा पोहोचला हे देवासमोर दोन वाक्यांत सांगावे. आज ताटात मेथीची भाजी आहे. ती कोणा शेतकऱ्याने पेरली, रात्रभर टेम्पो चालवून कोणी ती पहाटे वाशीच्या एपीएमसी बाजारात आणली, तिथून ती आपल्या नाक्यावरच्या भाजीवाल्या मावशींच्या टोपलीत आली आणि घरात कोणीतरी टीव्हीसमोर बसून तिची पाने खुडली. पेल्यातले पाणी नवी मुंबईत बहुतांशी खालापूर तालुक्यातील मोरबे धरणाचे असते. पावसाळ्यात ते धरण भरते तेव्हा त्या पावसाबद्दल आपल्या मंडळीत किती जण आभार मानतात, याचा प्रत्येकाने विचार करावा. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या ८ व्या अध्यायात इस्राएली लोकांना दिलेला इशारा नेमका याच जागी लागू पडतो: पोट भरल्यावर परमेश्वराचा धन्यवाद करा, नाहीतर चांगली घरे बांधून त्यांत राहू लागल्यावर ही संपत्ती आपल्याच बाहुबळाने मिळाली असे तुम्ही मनात म्हणू लागाल. भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या फ्लॅटमध्ये गेलेल्या आपल्यासारख्यांना हा अध्याय वर्षातून एकदा तरी मोठ्याने वाचण्याची गरज आहे.

ज्या हातांनी ही देणगी आली त्या हातांना विसरून केलेली उपकारस्तुती अपुरी राहते. देवाचे आभार मानले म्हणजे माणसांचे मानायची आवश्यकता नाही, असा एक समज कधी कधी आढळतो, आणि तो चुकीचा आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १६ व्या अध्यायात पौल प्रिस्क व अक्विला यांनी आपल्या जिवासाठी स्वतःचा जीव धोक्यात घातल्याचे सांगतो आणि त्यांचे आभार मानतो. म्हणून सोसायटीच्या वॉचमनला, कचरा उचलणाऱ्या दादांना, धुणीभांडी करणाऱ्या ताईंना नावाने हाक मारून ‘तुम्ही काल पावसातही आलात, फार मदत झाली’ असे सांगणे हाही भक्तीचाच भाग आहे. घरातल्या माणसांना तर हे आपण सर्वांत कमी वेळा सांगतो.

उपकारस्तुतीची सभा आणि साक्ष

आपल्या मराठी मंडळ्यांत नोकरी लागली, घर झाले, आजारातून उठले की घरी उपकारस्तुतीची सभा ठेवण्याची सुंदर रीत आहे. वन-बीएचकेच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला सरकवलेला असतो, शेजाऱ्यांकडून आणलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या असतात, दाराबाहेर चपलांचा ढीग पडतो, पेटी आणि ढोलकी येते, पाळकसाहेब वचन सांगतात आणि शेवटी समोसा, केक, वेफर्स व चहा होतो. ही रीत जपायला हवी. तिच्याबाबत तीन सूचना मात्र मनापासून कराव्याशा वाटतात.

पहिली सूचना वेळेची आहे. बायबलमधील ‘लेवीय’ या पुस्तकाच्या ७ व्या अध्यायात उपकारस्तुतीसाठी केलेल्या शांत्यर्पणाच्या बळीचे मांस त्याच दिवशी खावे, त्यातले काही सकाळपर्यंत ठेवू नये, असा नियम आहे. नवसाच्या किंवा खुशीच्या अर्पणाचे मांस मात्र दुसऱ्या दिवशीही चालत असे. म्हणजे आभाराला मुदत कमी होती, आणि एवढे मांस एका दिवसात संपवायचे तर साहजिकच इतरांना बोलावावे लागे. आपण हॉल, पाहुणे, केटरर यांची सोय लागेपर्यंत सभा पुढे ढकलतो आणि तोपर्यंत मनातला आनंद थंडावतो. म्हणून बातमी कळली त्याच संध्याकाळी घरच्यांनी आणि जवळच्या दोघातिघांनी एकत्र बसून एक गीत म्हणावे व आभार मानावेत. मोठी सभा नंतर खुशाल ठेवावी.

दुसरी सूचना साक्षीविषयी, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले हे सर्वांसमोर सांगण्याविषयी आहे, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. लूकच्या शुभवर्तमानातील १८ व्या अध्यायातला परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या यहूदी पंथाचा माणूस, मंदिरात उभा राहून देवाचे आभारच मानत होता. त्याच्या तोंडी शब्द आभाराचे होते, पण त्यांचा आधार असा होता की मी इतरांसारखा नाही, या जकातदारासारखा तर नाहीच नाही. आपल्या साक्षींत हा स्वर नकळत शिरतो: इतरांची मुले नापास झाली पण देवाने आमच्या मुलाला उत्तीर्ण केले, त्या इमारतीतल्या सगळ्यांना आजार झाला पण आम्हांला काही झाले नाही. ज्या आभारासाठी दुसऱ्याचे दुर्दैव लागते तो आभार देवाला पोहोचतो असे मला वाटत नाही. साक्ष देण्यापूर्वी ती कागदावर लिहून काढावी आणि दोन गोष्टी तपासाव्यात. एक, वाक्यांचा कर्ता बहुतेक ठिकाणी ‘मी’ आहे की देव आहे. दोन, खोलीत बसलेल्यांपैकी कोणाच्या जखमेवर यातले एखादे वाक्य बोट ठेवते का. लग्नानंतर अनेक वर्षे मूल नसलेले जोडपे समोर बसलेले असताना बाळाच्या जन्माबद्दल आभार जरूर मानावेत, परंतु ‘विश्वासाने मागितले म्हणून मिळाले’ हे वाक्य तिथे उच्चारू नये. ते वाक्य त्यांच्या विश्वासावरचा निकाल ठरते आणि तो निकाल देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

तिसरी सूचना खर्चाची आहे. सभेसाठी कर्ज काढू नये. चहा-बिस्किटांवर झालेली सभा देवाला कमी प्रिय नसते.

दुःखाच्या काळात

‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा,’ असे पौल थेस्सलनीकाकरांस लिहितो, आणि हेच वचन अनेकदा शोकात असलेल्या माणसाच्या तोंडावर फेकले जाते. स्मशानभूमीतून परतलेल्या विधवेला ‘ताई, प्रभूचे आभार माना’ असे सांगणे ही क्रूरता आहे, सांगणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो. योहानच्या ११ व्या अध्यायात प्रभू येशू लाजराच्या कबरेकडे जाताना रडला, आणि धोंडा काढल्यावर त्याच कबरेसमोर त्याने डोळे वर करून पित्याचे आभार मानले. आधी अश्रू आले, मग आभार आले, आणि एकामुळे दुसरे रद्द झाले नाही. ८८ वे स्तोत्र तर शेवटपर्यंत अंधारातच राहते, त्यात आभाराची एकही ओळ नाही, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे आणि तीही प्रार्थनाच आहे.

म्हणून दुःखात असताना जे घडले त्याबद्दल आभार मानण्याची सक्ती स्वतःवर करू नये. आधी तक्रार देवासमोर स्पष्ट शब्दांत मांडावी. त्यानंतर, जमेल त्या दिवशी, त्या दुःखाच्या आत जे टिकून राहिले त्यातल्या एकाच गोष्टीचे नाव घ्यावे: रुग्णालयात रात्रभर सोबत बसलेला पुतण्या, डबा पाठवणारे महिला मंडळ, शेवटच्या दिवशी झालेले दोन शब्दांचे बोलणे. हबक्कूक संदेष्टा अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरे नाहीत असा नुकसानीचा हिशेब आधी पूर्ण सांगतो आणि मगच म्हणतो की तरीही मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. त्याचा आनंद खरा वाटतो, कारण त्याने तोटा लपवलेला नाही. सोबत बसणाऱ्यांचे काम एवढेच की त्यांनी शोक करणाऱ्याच्या वतीने मूकपणे आभार मानावेत आणि त्याच्या तोंडी ते शब्द घालण्याची घाई करू नये.

ज्याचे आभार सहसा राहून जातात

आपल्याला मिळालेला विश्वास ही देणगी प्रार्थनेत क्वचितच येते. ठाणे शहराला याबाबत मोठा वारसा आहे. १३२१ साली चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू ठाण्यात थांबले असताना विश्वासासाठी येथे मारले गेले. ठाण्याचे सेंट जेम्स चर्च १८२५ मध्ये बिशप रेजिनाल्ड हीबर यांच्या हस्ते समर्पित झाले. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर अभंग, भजन आणि कीर्तन यांना ख्रिस्ती उपासनेत मानाचे स्थान मिळवून दिले, म्हणून आज आपण आपल्याच भाषेच्या ठेक्यात देवाला आळवतो. आणि यांच्याइतकेच महत्त्वाचे म्हणजे आपले आजी-आजोबा, जे नगर, जालना किंवा सोलापूरकडून ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत कामाला आले आणि ज्यांनी चाळीतल्या एका खोलीत रविवारची प्रार्थना सुरू केली. त्यांची नावे मुलांना माहीत असावीत आणि वर्षातून एखाद्या रविवारी ती प्रार्थनेत घेतली जावीत.

अनुवादाच्या २६ व्या अध्यायात प्रथमउपजाची, म्हणजे पिकाच्या पहिल्या फळांची, टोपली घेऊन येणारा माणूस नेमके हेच करतो. तो फळे ठेवतो आणि आपला पूर्वज भटका अरामी होता, मिसरात दास्य होते, परमेश्वराने सोडवले, ही सारी कथा सांगतो. आणि त्या आनंदात लेवी (उपासनेची सेवा करणाऱ्या वंशातले लोक) व परदेशी यांनाही सामील करून घेण्याची आज्ञा आहे. ठाणे आणि वसई परिसरातील ईस्ट इंडियन (या भागातील मूळ कॅथलिक समाज) बांधवांच्या आगेरा या सुगीच्या सणात भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादासाठी आणल्या जातात, आणि अनेक मराठी मंडळ्यांत हंगामाच्या सणाला धान्य, फळे, कोंबड्या, भोपळे वेदीपुढे येतात व नंतर त्यांचा लिलाव होतो. शेत नसलेल्या शहरी माणसाला आपला हंगाम कोणता हे ठरवावे लागते. पहिला पगार, बोनस, थकबाकीची रक्कम, ट्यूशनची पहिली फी, यांतला काही भाग खर्चाची यादी करण्यापूर्वीच बाजूला काढावा आणि अर्पणाच्या पाकिटावर रकमेसोबत कारणही एका ओळीत लिहावे. यातला काही भाग ज्याला खरोखर गरज आहे अशा कुटुंबाकडे थेट गेला तर अधिक बरे, कारण करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या ९ व्या अध्यायात पौल म्हणतो त्याप्रमाणे अशा देण्यातून घेणाऱ्याच्या मुखी देवाची उपकारस्तुती उमटते. देणाऱ्याचे नाव मात्र तिथे पोहोचू नये याची काळजी घ्यावी.

मन कोरडे असते तेव्हा

असे आठवडे येतात की आठवायला बसले तरी काही सुचत नाही. तेव्हा कृतज्ञतेची भावना उत्पन्न होण्याची वाट पाहू नये आणि ती असल्याचे सोंगही करू नये. उसने शब्द घ्यावेत. त्यासाठी १३६ वे स्तोत्र उत्तम आहे. त्याची २६ वचने आहेत आणि प्रत्येक वचनाच्या शेवटी ‘त्याची दया सनातन आहे’ हे पालुपद येते. घरातल्या एकाने वचनाचा पहिला भाग वाचावा आणि बाकीच्यांनी पालुपद म्हणावे. स्तोत्र संपले की त्याच घडणीत प्रत्येकाने स्वतःची एक ओळ जोडावी: ज्याने आजीला दवाखान्यातून घरी आणले, त्याची दया सनातन आहे, ज्याने कालच्या पावसात दादाला सुखरूप पोहोचवले, त्याची दया सनातन आहे. ओळ नेमकी असावी, लांब नसली तरी चालते, आणि ज्याला काही सुचणार नाही त्याने नुसते पालुपद म्हटले तरी पुरे. या ओळी जोडायला घरातल्या सर्वांत लहान मुलापासून सुरुवात करावी, कारण मोठी माणसे आधी बोलली की मुले त्यांचीच वाक्ये उचलतात.